मौलाना मोहम्मद अली जौहर : रामपूर ते जेरुसलेम

रमजानच्या रात्री मुंबईतला मोहम्मद अली रोड झोपत नाही. तरावीहची नमाज आटोपली की मिनारा मशिदीच्या परिसरात पाय ठेवायला जागा उरत नाही. मालपुवा, फिरनी, नल्ली निहारी, शीग कबाब असा सगळा थाट असतो. रोजे धरणारे येतात आणि न धरणारेही तेवढ्याच आवडीने येतात. मात्र हा रस्ता ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते मोहम्मद अली कोण, हे या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

मौलाना मोहम्मद अली जौहर मुंबईचे नव्हते. जन्म उत्तर हिंदुस्तानातल्या रामपूरचा, मृत्यू लंडनमधला आणि कबर जेरुसलेममधली. २३ जानेवारी १९३१ रोजी मस्जिद-ए-अक्साच्या आवाराच्या पश्चिम कडेला त्यांचा दफनविधी झाला. रमजान नुकताच लागला होता आणि तो त्या रमजानचा पहिला जुम्मा होता. गुलाम हिंदुस्तानातला एक पुढारी तितक्या दूर, मुसलमानांच्या पहिल्या किब्ल्याच्या सावलीत कसा विसावला, याची कहाणी म्हणजे त्यांचे चरित्र. आपल्या स्वातंत्र्यलढ्याचा एक अध्याय तिच्यात आहे. आजही न सुटलेला एक प्रश्नही तिच्यात आहे. एखाद्या भूमीचे भवितव्य कोणी ठरवायचे? तिथे राहणाऱ्यांनी, की लांबून तिच्यावर सत्ता गाजवणाऱ्यांनी?

बी अम्मांचा मुलगा

मोहम्मद अली यांचा जन्म १० डिसेंबर १८७८ चा. ते दोन वर्षांचे असताना वडील अब्दुल अली खान वारले. आई आबादी बानो बेगम ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांना स्वतःला शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. पण मुलांनी इंग्रजी शिकावे, असा त्यांचा हट्ट होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पसंत नव्हते. इंग्रजी शिकून मुले धर्म सोडतील, अशी त्यांना भीती वाटे. तेव्हा या माउलीने गुपचूप आपले दागिने गहाण टाकले आणि मुलांना शाळेत घातले. पुढे सारा देश त्यांना बी अम्मा म्हणून ओळखू लागला. बुरख्यात आयुष्य गेलेली ही बाई म्हातारपणी खादी घालून सभा गाजवत गावोगाव फिरली.

थोरले भाऊ शौकत अली यांच्या पाठोपाठ मोहम्मद अली अलिगडला शिकले. शौकत अलींनीच पैशांची जमवाजमव करून त्यांना १८९८ मध्ये ऑक्सफर्डला धाडले. लिंकन कॉलेजात त्यांनी इतिहासाची पदवी घेतली. आय. सी. एस.ची परीक्षा मात्र हुकली. परतल्यावर काही काळ रामपूर संस्थानात आणि मग सुमारे सात वर्षे सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात त्यांनी नोकरी केली. पगार चांगला होता, मान होता. पण लेखणी स्वस्थ बसू देत नव्हती.

१४ जानेवारी १९११ रोजी त्यांनी कलकत्त्याहून ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. राजधानी दिल्लीला हलल्यावर पत्रही दिल्लीला आले आणि त्याला ‘हमदर्द’ या उर्दू दैनिकाची जोड मिळाली. त्यांचे इंग्रजी इतके धारदार होते की ज्यांच्यावर ते तुटून पडत, ते साहेबलोकही ‘कॉम्रेड’ची वाट पाहत. पहिले महायुद्ध पेटले. तुर्कस्तानच्या भूमिकेवर मोहम्मद अलींनी लिहिलेला लेख सरकारला झोंबला आणि पत्राची अनामत रक्कम जप्त झाली. मे १९१५ मध्ये अली बंधूंना नजरकैद झाली. आधी दिल्लीजवळ मेहरौली, मग लॅन्सडाउन आणि शेवटी जुन्या मध्य प्रांतातले, आपल्या नागपूरच्या शेजारचे छिंदवाडा.

छिंदवाड्याच्या त्या सक्तीच्या एकांताने त्यांना बदलले. ऑक्सफर्डच्या पदवीधराने तिथे कुराणाचा अर्थासह सखोल अभ्यास केला. मदरशाची सनद नसलेल्या या पत्रकाराला लोक पुढे मौलाना म्हणू लागले, त्याचे मूळ या कैदेत आहे. शेवटचे काही महिने बैतूलच्या तुरुंगात काढून डिसेंबर १९१९ च्या अखेरीस ते सुटले आणि घरी न जाता थेट अमृतसरला पोहोचले. तिथे काँग्रेसचे अधिवेशन चालू होते. जालियनवाला बागेची जखम ताजी होती.

लंडनमधली भेट

युद्धात तुर्कस्तान हरला होता. तुर्कस्तानचा सुलतान हा सुन्नी मुसलमानांचा खलिफा. मक्का, मदिना आणि जेरुसलेम ही तिन्ही पवित्र स्थळे त्याच्या राज्यात होती. युद्धात हिंदी मुसलमान सैनिकांची गरज होती, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी १९१८ च्या जानेवारीत तुर्कांच्या भूमीबाबत आश्वासने दिली होती. युद्ध संपल्यावर ती मोडीत निघताना दिसू लागली. खिलाफत चळवळ उभी राहिली ती या फसवणुकीच्या संतापातून. महात्मा गांधींनी ती आपली मानली. चळवळीची मध्यवर्ती कमिटी मुंबईत होती आणि भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही तिची आठवण देते.

१९२० च्या फेब्रुवारीत मोहम्मद अलींच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ विलायतेला निघाले. सोबत सय्यद सुलेमान नदवी यांच्यासारखे विद्वान होते. १९ मार्च रोजी लॉइड जॉर्ज यांची भेट झाली. अरबस्तान, सीरिया, पॅलेस्टाइन आणि इराक हा सगळा प्रदेश खलिफाच्या छत्राखाली राहावा, परक्या सत्तेने तिथे पाय रोवू नयेत, असे मोहम्मद अलींचे मागणे होते. पंतप्रधानांनी त्यांच्यावर उलटा डाव टाकला. अरबांनाच तुर्कांपासून स्वातंत्र्य हवे आहे, मग तुम्ही त्यांना पुन्हा तुर्कांच्या ताब्यात का देऊ पाहता, अशा आशयाचा तो सवाल होता.

मोहम्मद अलींच्या भूमिकेतली ही खरोखरच दुबळी बाजू होती. त्यांचा दावा धर्माचा आणि खिलाफतीचा होता. पॅलेस्टाइनमध्ये राहणाऱ्या शेतकऱ्याला, दुकानदाराला स्वतःला काय हवे आहे, हा प्रश्न त्यात मागे राहत होता. अरबांना स्वायत्तता द्यावी, पण खलिफाचे नाते तुटू नये, असा मध्यममार्ग ते सुचवत होते. तो तुर्कांच्या राज्याला कंटाळलेल्या अनेक अरबांना मान्य नव्हता.

पण सवाल करणाऱ्याचे हातही स्वच्छ नव्हते. अरबांच्या स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या लॉइड जॉर्ज यांच्याच सरकारने २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय घर उभारायला पाठिंबा दिला होता. तिथल्या इतर रहिवाशांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची त्यात हमी होती, राजकीय हक्कांचा शब्द नव्हता. मोहम्मद अलींची भेट होऊन सव्वा महिना झाला नाही, तोच सॅन रेमोच्या परिषदेत पॅलेस्टाइन ब्रिटनच्या पदरात पडले. अरबांना विचारले पाहिजे, हे मोहम्मद अलींना ऐकवणाऱ्यांनी पॅलेस्टाइनच्या अरबांना विचारलेच नाही.

या इतिहासाला एक वेगळी किनारही आहे. बाल्फोर जाहीरनाम्याला ब्रिटिश मंत्रिमंडळात सर्वांत कडवा विरोध केला तो भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी आणि ते स्वतः ज्यू होते. तुर्कस्तानवरच्या अन्यायाबद्दल हिंदुस्तानात केवढा असंतोष आहे, हे सांगणारी व्हाइसरॉयची तार प्रसिद्ध केल्यामुळे १९२२ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. पॅलेस्टाइनचा वाद दोन धर्मांचा आहे, असे समजणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

अमानत

त्या वेळी जगात एक नवा कायदा आकार घेत होता. हरलेल्या साम्राज्यांचे प्रदेश जिंकणाऱ्यांनी पूर्वीसारखे वाटून घ्यायचे नाहीत, असे लीग ऑफ नेशन्सच्या करारात ठरले होते. त्याच्या २२ व्या कलमानुसार असे प्रदेश पुढारलेल्या राष्ट्रांकडे मँडेट म्हणून द्यायचे होते. मँडेट म्हणजे मालकी नव्हे, विश्वस्तपण. तिथल्या लोकांचे हित हे पवित्र कर्तव्य मानायचे. तुर्की साम्राज्यातून सुटलेल्या लोकांबद्दल तर आणखी स्पष्ट तरतूद होती. स्वतंत्र राष्ट्रे म्हणून त्यांचे अस्तित्व तात्पुरते मान्य करता येईल, इतके ते पुढे आलेले आहेत. ते स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत विश्वस्ताने मदत करायची आणि विश्वस्त निवडताना त्यांच्या इच्छेला प्रथम महत्त्व द्यायचे.

मुसलमान वाचकाला यासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. याला अमानत म्हणतात. कुराणात आज्ञा आहे की अमानत ज्याची असेल त्याला ती परत करावी. शेजाऱ्याने गावाला जाताना ठेवायला दिलेला डबा आपल्या घरात असतो, पण आपला नसतो. तो तिसऱ्याला देऊन टाकण्याचा अधिकारही आपल्याला नसतो.

१९२२ मध्ये ब्रिटिशांनीच केलेल्या जनगणनेत पॅलेस्टाइनची लोकसंख्या ७,५७,१८२ भरली. त्यात ५,९०,८९० मुसलमान, ८३,७९४ ज्यू आणि ७३,०२४ ख्रिस्ती होते. ज्यूंपैकी अनेक घराणी तिथे पिढ्यान् पिढ्या नांदत होती. मुसलमान आणि ख्रिस्ती अरबांनी एकत्र संस्था स्थापल्या, लंडनला शिष्टमंडळे नेली. त्यांचे मागणे एकच होते : इथल्या लोकांना इथले सरकार निवडू द्या. पण मँडेटच्या मसुद्यात बाल्फोर जाहीरनामा समाविष्ट झाला. विश्वस्ताच्या एका हातात लोकांना स्वातंत्र्याकडे नेण्याचे कर्तव्य आले आणि दुसऱ्या हातात त्या लोकांना न विचारता दिलेले वचन. याच वर्गातल्या मँडेटपैकी इराक १९३२ मध्ये स्वतंत्र झाला. सीरिया, लेबनॉन आणि ट्रान्सजॉर्डन १९४६ पर्यंत स्वतंत्र झाले. पॅलेस्टाइनचे अरब तेवढे राहून गेले.

१९२४ : तीन आघात

विलायतेहून रिकाम्या हाताने परतलेल्या मोहम्मद अलींनी स्वतःला असहकाराच्या लढ्यात झोकून दिले. ऑक्टोबर १९२० मध्ये अलिगडला जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. तिचे पहिले कुलगुरू तेच. सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडून मुलांनी तंबूंमध्ये शिकायला सुरुवात केली. पुढे ही संस्था दिल्लीला गेली आणि आज ते केंद्रीय विद्यापीठ आहे.

जुलै १९२१ मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेत ब्रिटिश फौजेत नोकरी करणे मुसलमानांना निषिद्ध असल्याचा ठराव झाला. सप्टेंबरमध्ये गांधीजींबरोबर प्रवास करत असताना वॉल्टेअर स्टेशनवर मोहम्मद अलींना पकडण्यात आले. कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये खटला चालला. आरोपींच्या रांगेत अली बंधू, मौलाना हुसेन अहमद मदनी, डॉ. सैफुद्दीन किचलू यांच्यासोबत शारदापीठाचे शंकराचार्यही उभे होते. शंकराचार्य सुटले, इतरांना दोन वर्षांची शिक्षा झाली. खिलाफतीच्या ठरावासाठी एक शंकराचार्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, हे आज सांगूनही पटणार नाही. पण तसे घडले. सुटून आल्यावर डिसेंबर १९२३ मध्ये काकीनाडा येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद मोहम्मद अलींकडे आले.

त्यानंतरचे वर्ष त्यांना मोडून टाकणारे ठरले. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या नव्या सरकारने खिलाफतच रद्द केली. ज्या गादीसाठी कैद भोगली, ती तुर्कांनीच उचलून फेकली. त्याच वर्षी त्यांची मुलगी आमिना क्षयाने गेली आणि नोव्हेंबरमध्ये बी अम्मा गेल्या. देशात हिंदू-मुस्लिम दंगली उसळल्या होत्या. कोहाटच्या दंगलीनंतर सप्टेंबरमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले, ते दिल्लीत मोहम्मद अलींच्या घरी. उपोषण सुटले तेव्हा मोहम्मद अलींनी कसायाकडून एक गाय विकत घेऊन गांधीजींना भेट दिली. तिला पांजरपोळात ठेवावे, ही त्यांची इच्छा होती.

खिलाफत संपली, तशी पॅलेस्टाइनवरच्या त्यांच्या दाव्याची जुनी भाषाही संपली. कुठल्या खलिफाच्या नावाने आता ती भूमी मागायची? उरला तो तिथल्या माणसांचा हक्क. जेरुसलेमशी नाते मात्र तुटले नाही. १९२३-२४ च्या सुमारास अक्सा मशिदीच्या दुरुस्तीसाठी निधी गोळा करायला तिथले शिष्टमंडळ हिंदुस्तानात आले, तेव्हा खिलाफत कमिटीने त्याला साथ दिली. हैदराबादच्या निजामांनीही देणगी दिली.

शेवटची काही वर्षे एकाकी गेली. १९२८ च्या नेहरू अहवालावरून त्यांचे काँग्रेसशी बिनसले. १९३० च्या सविनय कायदेभंगापासून ते दूर राहिले आणि मुसलमानांनाही दूर राहायला सांगितले. जुने सहकारी दुखावले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. त्यांचा स्वभाव उतावळा होता, जिभेवर ताबा नव्हता आणि हिशेबाची बाजू नेहमी कच्ची राहिली, हे त्यांचे मित्रही मान्य करत. पण स्वतःसाठी त्यांनी काही कमावले, असा आरोप त्यांच्या शत्रूंनाही करता आला नाही.

शेवटचा प्रवास

१९३० च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. काँग्रेसचा बहिष्कार होता. मोहम्मद अली डॉक्टरांचा सल्ला डावलून गेले. १९ नोव्हेंबरला त्यांनी केलेले भाषण गाजले. आपण एकाच वेळी पूर्ण हिंदी आहोत आणि पूर्ण मुसलमानही. ही दोन समान आकाराची वर्तुळे आहेत आणि त्यांतले एकही सोडता येणार नाही, असे त्यांनी मांडले. गुलाम देशात आपण परतणार नाही, स्वातंत्र्याचा मसुदा हातात द्या, नाहीतर इथेच, या स्वतंत्र पण परक्या देशात कबरीपुरती जागा द्या, असे त्यांनी ब्रिटिश सरकारला सुनावले. समोर परिषदेचे अध्यक्ष, पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड होते.

४ जानेवारी १९३१ रोजी, शब-ए-बरातच्या दिवसांत, लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. दफन कुठे करायचे, यावर विचार चालू असतानाच जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल हुसैनी यांच्याकडून निमंत्रण आले. बी अम्मांच्या या मुलाला अक्साच्या शेजारी जागा देण्याचे पॅलेस्टाइनच्या मुसलमानांनी ठरवले होते. शौकत अली पार्थिव घेऊन बोटीने पोर्ट सईदला उतरले आणि तिथून रेल्वेने जेरुसलेमला पोहोचले. जुम्म्याच्या दिवशी, रोजेदारांच्या प्रचंड जमावाने अक्साच्या आवारात जनाजाची नमाज पढली. एका खातूनने चौदाव्या शतकात वक्फ केलेल्या खातूनिया मदरशात त्यांना दफन करण्यात आले.

जिथे कबर झाली, तिथून जवळच ज्यूंना पवित्र असलेली पश्चिम भिंत आहे. दीडच वर्षापूर्वी, ऑगस्ट १९२९ मध्ये, त्या भिंतीवरच्या हक्कावरून पॅलेस्टाइनभर दंगली उसळल्या होत्या. १३३ ज्यू आणि ११६ अरब मारले गेले. हेब्रोनमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या निरपराध ज्यूंची जी कत्तल झाली, तिचे समर्थन कोणत्याच धर्माला करता येणार नाही. चौकशी करणाऱ्या ब्रिटिश आयोगाने अरबांच्या हल्ल्यांना दोष दिला आणि मुळाशी असलेले कारणही नोंदवले : आपल्या राजकीय आकांक्षा धुळीला मिळत आहेत आणि जमीन हातची जात आहे, ही अरबांची भीती. त्यानंतर ऑक्टोबर १९३० मध्ये ब्रिटिश सरकारने स्थलांतर आणि जमीनविक्रीवर बंधने सुचवणारी श्वेतपत्रिका काढली. मौलानांच्या दफनाला तीन आठवडे झाले आणि १३ फेब्रुवारी १९३१ रोजी त्याच मॅकडोनाल्ड यांनी एका पत्राने त्या श्वेतपत्रिकेतला जीव काढून घेतला. हिंदी लोकांचा आणि पॅलेस्टिनी लोकांचा प्रश्न एकाच टेबलावर, एकाच माणसापुढे पडून होता.

नियतीने आणखी एक योग जुळवून आणला. जून १९३१ मध्ये मक्केचे शरीफ हुसेन वारले आणि तेही अक्साच्या त्याच पश्चिम कडेला दफन झाले. इंग्रजांच्या वचनावर विसंबून तुर्कांविरुद्ध उठलेल्या या माणसाला मोहम्मद अलींनी हयातभर गद्दार मानले. एक तुर्कांच्या बाजूने इंग्रजांशी भांडला, दुसरा इंग्रजांच्या बाजूने तुर्कांशी. वचनभंग दोघांच्याही वाट्याला आला. आज ते एकमेकांचे शेजारी आहेत.

कबरीनंतर

मोहम्मद अलींनी मागितली होती स्वतंत्र देशातली कबर. मिळाली ती ज्यांच्याशी भांडले त्यांच्याच अमलाखालच्या भूमीत. हिंदुस्तान सोळा वर्षांनी स्वतंत्र झाला. पॅलेस्टाइनचा विश्वस्त १९४८ मध्ये अमानत तशीच सोडून निघून गेला.

त्याआधी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव केला. नुकतीच स्वतःची फाळणी भोगलेल्या भारताने विरोधात मत दिले. अरब आणि ज्यू या दोघांचे एक संघराज्य व्हावे, अशी योजना भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी मांडली होती. युरोपात नाझींनी केलेल्या संहारानंतर ज्यूंना आसरा हवा होता, हे नाकारण्याजोगे नव्हतेच. पण युरोपच्या पापाची किंमत पॅलेस्टाइनच्या रहिवाशांनी मोजावी, हा न्याय नव्हता. युद्ध झाले, इस्रायल उभे राहिले आणि सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले. १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक, गाझा आणि पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात गेले. मौलानांची कबर पूर्व जेरुसलेममध्ये आहे.

दरम्यान कायदा पुढे गेला होता. १९२० मध्ये विश्वस्ताच्या सदिच्छेवर सोडलेली गोष्ट आता हक्क झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत लोकांच्या स्वयंनिर्णयाचे तत्त्व आले. १९६० मध्ये आमसभेने वसाहतवाद संपवण्याची घोषणा केली. १९६६ च्या दोन मानवी हक्क करारांचे पहिलेच कलम सांगते की सर्व लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. २२ नोव्हेंबर १९७४ च्या ठरावाने आमसभेने पॅलेस्टिनी लोकांचा हा हक्क नाव घेऊन मान्य केला. भारताने त्याच वर्षी पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राज्याला मान्यता दिली.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५० मध्येच नैर्ऋत्य आफ्रिकेच्या, म्हणजे आजच्या नामिबियाच्या प्रकरणात सांगितले होते की मँडेटचा प्रदेश विश्वस्ताला गिळता येत नाही आणि लीग विसर्जित झाली म्हणून ते कर्तव्य संपत नाही. २००४ मध्ये वेस्ट बँकेतल्या भिंतीबाबत मत देताना न्यायालयाने पॅलेस्टाइनच्या संदर्भात त्या पवित्र विश्वस्तपणाची आठवण दिली. हा हक्क पाळला जावा, यात जगातल्या सर्व राष्ट्रांचे हितसंबंध आहेत, असेही म्हटले. १९ जुलै २०२४ रोजी याच न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातले इस्रायलचे अस्तित्व बेकायदा आहे आणि ते शक्य तितक्या लवकर संपले पाहिजे. ही मते सल्ल्याच्या स्वरूपाची असतात. ती अमलात आणायला न्यायालयाकडे पोलीस नाहीत. दोन महिन्यांनी आमसभेत त्यावर आधारित ठराव १२४ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला.

एका लोकसमूहाचा हक्क मान्य केल्याने दुसऱ्याचा संपत नाही. इस्रायलमध्ये जन्मलेल्या ज्यूला सुरक्षित जगण्याचा हक्क आहे, तसाच नाब्लुस, गाझा आणि जेरुसलेममध्ये जन्मलेल्या पॅलेस्टिनीला आपले सरकार निवडण्याचा आहे. हा हक्क तो मुसलमान आहे म्हणून नाही, तर तो तिथला आहे म्हणून. बेथलेहेमच्या ख्रिस्ती पॅलेस्टिनीलाही तो तितकाच आहे. मोहम्मद अली आयुष्यभर ज्या दोन वर्तुळांत उभे राहिले, त्यांतले एक धर्माचे होते आणि दुसरे मातृभूमीचे. पॅलेस्टाइनची बाजू त्यांनी पहिल्या वर्तुळातून मांडायला घेतली. टिकून राहिली ती दुसऱ्यातली बाजू. हिंदुस्तानसाठी त्यांनी मॅकडोनाल्ड यांच्यापुढे जे मागितले, पॅलेस्टिनी तेच मागत आहेत. त्याहून जास्त काही नाही.

खातूनिया मदरशातल्या त्या कबरीवर यंदाच्या रमजानमध्येही कोणीतरी फातिहा पढून जाईल. आजूबाजूच्या आवारात इफ्तारच्या चादरी अंथरल्या जातील, तिथे पोहोचण्याआधी तपासणीच्या चौक्यांवर रोजेदारांना थांबावे लागेल. रामपूरच्या मोहम्मद अलींना हे दृश्य अनोळखी वाटले नसते. आपल्याच घरात शिरायला परक्या शिपायाची परवानगी लागणे म्हणजे काय, हे त्यांच्या पिढीला पुरते ठाऊक होते.